म्हशीला पाजलेलं माझं भाषण

देऊळघाटातला पोरगा पुण्याला शिकायला गेला की गावी आल्यावर त्याच्या नशिबी शाल-नारळ ठरलेला. तो काय शिकतो, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. माझ्या सत्कारात पुढाऱ्याने मला थेट ‘मोठे शास्त्रज्ञ’ करून टाकलं. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला, दिवसभर जंतांच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या धुणारा. पण शाल अंगावर पडली आणि माझं शहाणपण उतू जायला लागलं.

माइक हातात घेऊन मी सुरू झालो. जनावराच्या पोटात चपटे जंत असतात. त्यांच्या स्नायूंच्या पेशींवर प्रथिनांची इवलीशी दारं असतात. प्राझिक्वांटेल नावाचं औषध त्या दाराला चिकटलं की दार सताड उघडं पडतं, कॅल्शियम भसाभस आत घुसतं आणि जंत आखडून लुळा पडतो. ‘आखडतो’ म्हणताना मी मान आणि हात वाकडे करून दाखवले. नाटक्या लेकाचा! मंडप टाळ्यांनी दणाणला. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं: लिव्हरमधल्या जंताचं तेच दार जराशा फरकाने घडलेलं असतं, तिथे हे औषध चिकटत नाही, त्याला वेगळं औषध लागतं. माझा सगळा अभ्यास या जराशा फरकावरच चाललेला. पण एवढ्या टाळ्या पडल्यावर ‘पण’ कोण म्हणतो? मी नमस्कार करून खाली बसलो.

पहिल्या रांगेत माझी काकू होती. काका गेल्यापासून तिचं घर एका म्हशीच्या दुधावर चालायचं. म्हैस धरणाकाठच्या ओल्या गवतात चरायची, आणि लिव्हरचा जंत नेमका तिथूनच पोटात जातो. दिवाळीनंतर म्हशीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. काकूने जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं नाही. दुकानातून माझं ते औषध आणलं आणि बांबूच्या नळीने म्हशीच्या घशात ओतलं. पुतण्याने भर सभेत सांगितलं म्हटल्यावर डॉक्टर कशाला?

मग तिचा मला फोन आला. “जबड्याखालची सूज काई कमी नाई होऊन राह्यली, बाबू. तू सांगतलेलं औषध देल्लं ना मी. उतरन ना?”

जबड्याखाली सूज म्हटल्याबरोबर मला कळलं, हा लिव्हरचा जंत. पण आजूबाजूला प्रयोगशाळेतली पुणेरी शहाणी मंडळी बसली होती. माझ्या तोंडून एकदा ‘का’ऐवजी गावाकडचं ‘काऊन’ निसटलं तर आठवडाभर खिदळली होती. काकूला नीट समजवायचं तर आपल्या बोलीत मोठ्याने बोलावं लागलं असतं, आणि भाषण अर्धंच केलं हेही कबूल करावं लागलं असतं. मला दोन्हीची लाज वाटली. मी अगदी पुणेरी आवाज काढून म्हणालो, “उतरेल, काकू. जरा वाट बघ.”

वाट बघ! थू माझ्या जिंदगानीवर.

आठ दिवसांनी म्हैस मेली. मी पोचलो तेव्हा डॉक्टर गोठ्यामागे तिचं लिव्हर कापून बघत होते. आत पानासारखे चपटे जंत वळवळत होते. एकही आखडलेला नव्हता.

“याच्यावर हे औषध चालत नाही,” डॉक्टर रिकामी बाटली बघत म्हणाले. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

काकूने एकदा माझ्याकडे पाहिलं.

“कोनी नाई जी,” ती म्हणाली. “मीच अडानी. दुकानातून भलतंच उचलून आनलं.”

“मावशी, एखाद्या शिकलेल्या माणसाला तरी विचारायचं ना.”

“हाव जी,” काकू म्हणाली. “चुकलंच माहं.”

मी तिच्या शेजारीच उभा होतो.