आईनं न दिलेली किडनी

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मी लहान असताना आई माहेरी गेली, तिथं स्टोव्हचा भडका उडाला आणि तिची छाती एका बाजूनं पार भाजली. म्हणून ती दार लावून अंघोळ करायची, लग्नकार्यात बायकांच्या घोळक्यात साडी बदलायची नाही आणि ब्लाउजच्या आत जुन्या धोतराची घडी ठेवायची. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत काही लपवणं म्हणजे चाळणीत पाणी साठवणं. तिनं ते वर्षानुवर्षं जमवलं. मला तर स्टोव्हचा इतका धाक बसला होता की कामाला लागेपर्यंत मी पंप मारायला दुसऱ्या कोणाला तरी लावायची.

ऐंशी सालच्या सुमारास दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तो पिंपरीत एका कारखान्यात लेथवर होता. आधी पाय सुजले, मग तोंड. शिफ्टला जाताना बूट चढेनात. पुण्यातले डॉक्टर म्हणाले, घरच्या कोणाची एक किडनी मिळाली तर मुंबईत ऑपरेशन होईल, नाहीतर फार दिवस निघायचे नाहीत. वडील आधीच गेलेले. वहिनीचा रक्तगट जुळेना. जुळला तो फक्त आईचा आणि माझा.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कोणी शहाळी आणली, कोणी अंगारा, लांबचे एक मामा काढा घेऊन आले आणि तो कसा उकळायचा हे दुपारभर सांगत बसले. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "मामा, काढा ठेवा तिथं. किडनी असली तर बोला." ते चहा न घेताच उठले.

माझी सुपारी फुटलेली होती. तरी मी तयार आहे म्हटल्यावर आई खवळली. "लगीन ठरल्याल्या पोरीला कापू देनार व्हय मी? माझी हाय की धडधाकट. सबंध पोर पोटात वाढवलं, आता एवढा तुकडा दिला तर काय बिगडतंय?"

तिच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्त चांगलं, लघवी चांगली. वडील गेल्यानंतर मी तिला एवढी खुशीत कधी पाहिली नव्हती. दादा पडल्या पडल्या केविलवाणा हसायचा आणि ती त्याला बजावायची, "माझ्या किडनीला ग्वाड चहाची सवय हाय. तुजा तो फिका चहा तिला चालायचा न्हाई."

सगळं ठरत आलं, तेव्हा डॉक्टरांनी आईला एकदा समक्ष तपासायला बोलावलं. आमच्याकडे दवाखान्यात एकटं कोणी जात नाही. आई, मी आणि घरचा डबा घेऊन आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाई, अशी वरातच त्या खोलीत शिरली.

"पूर्वी काही मोठं ऑपरेशन? कॅन्सरची गाठ वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

"छातीही बघावी लागेल."

"ती स्टोव्हनं भाजलीया."

डॉक्टर वयस्क होते, चिडणाऱ्यातले नव्हते. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "मी का विचारतोय ते ऐका. तसली गाठ कापून टाकली तरी तिचे बारीक कण अंगात कुठंतरी दडून राहू शकतात. तुमच्या अंगात ते कित्येक वर्षं गप्प बसतील. पण किडनीबरोबर मुलाच्या अंगात गेले, तर तिथंही गप्प बसतील असं नाही. परकी किडनी त्याच्या शरीरानं झिडकारू नये म्हणून आम्ही त्याला गोळ्या देणार. त्या गोळ्यांनी शरीराचा पहारा ढिला पडतो. मग त्या कणांना अडवणार कोण?"

"आईची असली तरी?"

"आईची असली तरी."

"दूध पाजलंय की त्याला. तवा काय न्हाई झालं."

"दुधाची गोष्ट वेगळी. आणि असं होतंच असंही नाही, बाई. पण झालं, तर आपणच त्याला मारल्यासारखं होईल."

आईनं माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे पाहिलं. "तुमीबी ऐका," ती म्हणाली, "आन मग पोरीचं काय ठरवायचं ते ठरवा." आणि डॉक्टरांना म्हणाली, "भाजलं न्हाई मी. गाठ व्हती. तसलीच. कापून काढलीया."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आयुष्यभराचं धोरण. तसल्या आजाराच्या घरातली मुलगी कोण करून घेणार, म्हणून माझ्यासाठीच तिनं ही मूठ झाकली होती. तरी मला आधी रागच आला. एका अंथरुणात झोपून मलाही स्टोव्ह सांगितलास ना, असं ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात तिनं डॉक्टरांपुढं हात जोडले. "लई वर्सं झाली हो त्याला. घ्या की." डॉक्टरांनी मान हलवली. सांगताना डोळ्यांत टिपूस न आणणारी माझी आई तेव्हा हमसून रडली. लेकराला द्यायला हौसेनं काढून ठेवलेली वस्तू कोणी हातातून काढून घ्यावी, तशी रडली. माझा राग कुठल्या कुठं गेला.

सासूबाईंनी डबा बाजूला ठेवला आणि तिच्या पाठीवर हात फिरवला. "सुपारी फुटली म्हणजे पोर आमची झाली ना? मग आमच्याकडची घ्या. लग्न काय पळून जातंय?" त्या माउलीशी पुढं मी भाजीत मीठ किती यावरून पुष्कळ भांडले, पण त्या दिवसाचं त्यांचं देणं मी विसरले नाही.

ऑपरेशन मुंबईला झालं, किडनी माझी. दादा परत लेथवर उभा राहिला, लग्नात तो माझ्यामागं उभा राहिला आणि नंतर त्यानं वऱ्हाडाला वाढलंसुद्धा. आईनं पुन्हा कधी ब्लाउजमध्ये घडी ठेवली नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिची कंबर दुखायला लागली. आम्हाला वाटलं, वय. फोटो काढले तेव्हा कळलं, की तो जुना आजार हाडांत पसरलाय. ह्या वेळी कोणी कोणापासून काही लपवलं नाही. तिला मीच सांगितलं, दादा शेजारी उभा होता. किती दिवस राहिले, दुखेल का, हे तिनं काही विचारलं नाही. घाबरून एवढंच म्हणाली, "त्याच्यात माझं काय गेलं न्हाई न्हवं?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्याच्यात माझं आहे."

"तुजं हाय. व्हय, तुजंच हाय," ती पुटपुटली. मग तिनं दादाला जवळ बसवलं, सदरा वर करायला लावला आणि त्याच्या पोटावरच्या टाक्यांवर हात ठेवून, बऱ्याच दिवसांनी, स्वस्थ झोपली.