राजाचा मुलगा उशिरा पोचला

लेकीच्या इतिहासाच्या पेपराला रोमन साम्राज्य कोसळल्यानंतरचा युरोप होता, आणि तो शिकवायचं माझ्या गळ्यात पडलं. मी मेकॅनिकल इंजिनीअर. पण बायको म्हणाली, गावच्या भाऊबंदकीवर तासन्‌तास बोलता, तर हेही जमेल. म्हणून रियाधमधल्या अल मलाझच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मी रोज संध्याकाळी युरोप मांडून बसायचो. टोळ्या आल्या, रोम पडलं, मठांनी पोथ्या सांभाळल्या, अरबांनी स्पेन घेतलं. मी मराठीत सांगायचो, ती इंग्रजीत टिपून घ्यायची.

त्याच आठवड्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. आप्पांना, आमच्या वडिलांना, धड श्वास घेता येत नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणून सांगितलं होतं. "दादा, ये तू," एवढंच तो म्हणाला.

येऊ कसा, डोंबल? माझ्या इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपली होती आणि कंपनीने तो अजून नवा करून घेतला नव्हता. इकामा नाही तर देशाबाहेर जायचा व्हिसा नाही. कंपनीची सरकारी कामं बघणारा माणूस रोज छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इन्शाल्ला, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. ते ऐकलं की माझं टाळकं सणकायचं. तरी गोड हसून शुक्रन म्हणायचो, कारण नाड्या त्याच्या हातात होत्या.

संध्याकाळी पुन्हा शिकवायला बसायचो, नुसतं बसवत नव्हतं म्हणून. फ्रँक लोकांचा तो मोठा राजा, ज्याला पोपने रोममध्ये सम्राटाचा मुकुट घातला, तो म्हातारा होऊन वारला, इथवर आलो. लेकीने विचारलं, "अँड हिज सन?" मी पुस्तकात पाहिलं. मुलगा लांब दक्षिणेत होता. बाप वारला त्याच दिवशी त्याला पुरलं, आणि मुलगा पोचेपर्यंत महिना उलटला. तो तरी घोड्यावरून यायचा होता. माझं विमान चार-पाच तासांत मुंबईला उतरतं. मला पुढे वाचवेना. एरवी इंग्रजीच बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "राहू दे बाबा. पुढचं मी वाचते."

दुसऱ्या दिवशी आप्पा गेले. आमच्याकडे अग्नी थोरला मुलगा देतो. तो परमुलखात असला तर मयत बर्फावर ठेवून त्याची वाट बघतात. भाऊ म्हणाला, "दादा, कधीपर्यंत थांबू? माणसं जमलीत." मी म्हटलं, "थांबू नकोस. तूच दे." मी ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो.

तेरावं झाल्यावर व्हिसा आला. घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर बसली होती. तिच्या पायांशी बसलो आणि म्हटलं, "मला येता आलं नाही गं."

"त्यांना नाही कळलं ते," आई म्हणाली. "सारखे विचारायचे, कुठवर आला? आधी सांगितलं, मुंबईला उतरलाय. मग म्हटलं, महाड सोडलं. मग म्हटलं, बाजारात एस्टीतून उतरलाय. त्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा काय सांगणार? म्हटलं, पाखाडीच्या पायऱ्या चढतोय, आलाच. दाराकडे मान वळवली त्यांनी, आणि गेले."