मध्ये घुसलेला शब्द

"ऊठ. बाहेरून चपला घे. हातात धर आणि उंबरठ्यावर उभी राहा."

सरांनी हे मराठीत सांगितलं. एरवी क्लासमध्ये ते मराठीचा शब्द काढत नसत. शिक्षा आणि टोमणे तेवढे मराठीतून.

मी काय केलं होतं? फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं. आय वॉन्ट टू रिअली लर्न इंग्लिश. मला इंग्रजी खरंखुरं शिकायचंय, एवढंच. सरांनी त्यातल्या 'रिअली'भोवती खडूने गोल काढला. 'टू' आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये कुणी येता कामा नये, हा त्यांचा नियम. हे जोडपं आहे, ते म्हणायचे. त्या गोलावर खडू आपटत म्हणाले, "हे बघा. बोलावणं नाही, विचारणं नाही, थेट दोघांच्या मध्ये. हल्ली सगळीकडे हेच चाललंय. कॉलेजात, बँकेत, कचेरीत. मध्ये घुसायचं."

वर्ग हसला. माझ्याकडे बघून हसला. माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं.

मी चपला हातात घेऊन उंबरठ्यावर उभी राहिले. सर म्हणाले, "धड आत नाही, धड बाहेर नाही. कळू दे कसं वाटतं ते."

हे एकोणीसशे त्र्याऐंशीच्या आसपासचं. मी घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतली. मराठी शाळेतून मॅट्रिक, मग टायपिंग, आणि मग हा पार्ल्याचा इंग्रजीचा क्लास. सरांच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बाकं मांडलेली असत. सर फोर्टमधल्या एका गोऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांच्या पत्रातही असाच एक शब्द मध्ये गेला होता, तेव्हा साहेबाने ते पत्र सगळ्या ऑफिससमोर फाडलं होतं. ही गोष्ट ते अभिमानाने सांगायचे. साहेबाच्या नावापुढे आदराने थांबायचे. त्या फाडलेल्या पत्राचा राग त्यांना कधी आला असेल का, हे मला आजही कळलेलं नाही.

उंबरठ्यावर बाकीचेही उभे राहायचे. माझ्या वर्गातली मेधा राहिली होती. पण ती उभी राहिली की सर म्हणायचे, "काय गं, झोप झाली नाही का?" आणि दोन मिनिटांत आत घ्यायचे. मला तासभर ठेवत. कुणी कॉलेजचं, बँकेचं नाव काढत नसे तिच्या वेळी.

खरं सांगायचं तर मला तेव्हा राग आला नाही. मला अपराधी वाटलं. आपण खरोखरच कुठेतरी घुसलोय असं वाटलं. मेधाच्या भावाला मेडिकलला जागा मिळाली नव्हती. ती एकदा सहज म्हणाली, "तुला काय गं टेन्शन? तुमचं तर होतंच ना." ती वाईट नव्हती. डब्यातलं थालीपीठ द्यायची मला. पण त्या दिवसापासून तिच्या भावाचं काहीतरी माझ्या पिशवीत आहे असं वाटायला लागलं. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. बाकावर मी कडेला, अर्धी हवेत बसायचे. रस्त्यात कुणाचा धक्का मला लागला तरी मीच सॉरी म्हणायचे. इंग्रजीतला तो एकच शब्द माझ्या तोंडून न अडखळता निघायचा.

आणि तो 'रिअली' मध्ये गेला कसा, तेही मला ठाऊक होतं. आम्ही मराठीत विचार करणारी माणसं. नीट शिक. लवकर ये. पोटभर जेव. आधी कसं ते सांगायचं, मग काय करायचं ते. जिभेला तीच सवय. मग मी ती सवयच कापून टाकली. नीट, लवकर, मनापासून, सगळं गाळलं. आय वॉन्ट टू लर्न. आय वॉन्ट टू वर्क. कोरडी ठक्क वाक्यं. सर म्हणाले, "आता जरा सुधारलीस."

पार्ल्याच्या बसस्टॉपवर कॉन्व्हेंटच्या मुली भेटायच्या. फाडफाड बोलायच्या. टू जस्ट गो, टू अॅक्च्युअली सी. खुशाल मध्ये शब्द टाकायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्यांचीच लाज वाटली. यांना कुणीतरी सांगायला हवं, वाटलं. मग एकदा अंधेरीला हॉटेलबाहेर एक गोरी बाई रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती, तीही तसंच बोलली. म्हटलं, हिला कोण उंबरठ्यावर उभं करणार? तरी मी माझ्या वाक्यात शब्द परत घातला नाही. नियम आपल्यासाठी असतो, त्यांच्यासाठी नसतो, इतकं मला वाटायला लागलं होतं.

बाबा महापालिकेत चावीवाले होते. लोखंडी लांब चावी खांद्यावर टाकून गल्लीगल्लीतले पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. त्यांची ड्युटी पार्ल्यातच होती. सरांच्या गल्लीचं पाणीही तेच सोडायचे. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, क्लासकडे येऊ नका. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीला टायपिस्ट हवी होती. सर ज्या मुलीचं नाव सुचवतील तिला घेणार. आमच्या घरी त्याच नोकरीकडे डोळे लागले होते. आईचे गुडघे गेलेले, बाबांचा दमा वाढलेला. नाव ठरायच्या दिवशी सरांनी एकेकीला उभं केलं. नोकरी का हवी, एका वाक्यात सांगायचं.

माझी पाळी आली. मी घरून कोरडं वाक्य घोकून आले होते. उभी राहिले आणि आईचे गुडघे आठवले. "आय वॉन्ट टू प्रॉपर्ली लुक आफ्टर माय मदर अँड फादर."

प्रॉपर्ली. नीट. आईबापाला नीट सांभाळायचंय. तो शब्द काढून टाकला तर त्या वाक्यात माझं काय उरत होतं?

सरांनी नुसतं बोट केलं. उंबरठा.

मी चपला हातात घेऊन उभी राहिले आणि तेवढ्यात व्हरांड्यात बाबा आले. इस्त्री केलेला खाकी ड्रेस. खांद्यावर चावी. हातात पेढ्यांचा पुडा. पोरीचं नाव लागणार म्हणून सरांचं तोंड गोड करायला आले होते. मी सांगितलेलं त्यांनी त्या एका दिवशी मोडलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. चावी भिंतीला टेकवली, पुडा खाली ठेवला आणि हात जोडले.

"सर, पोरीचं चुकलं असंल. अडाण्याचं लेकरू हाय. पदरात घ्या."

सर म्हणाले, "चूक नाही हो ही, सवय आहे. मध्ये घुसायची. रक्तातच असते."

बाबांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली. "व्हय सर," म्हणाले.

व्हय सर. काय कबूल केलं ते ठाऊक नसताना माझ्या बापाने ते कबूल केलं. माझ्यासाठी केलं. तोवर माझ्या मनात जे अपराधी अपराधी वाटत होतं ते त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं, आणि दुसरंच आलं. या माणसाचे हात माझ्यामुळे जोडले गेले. मी गप्प उभी राहत गेले म्हणून. अपराध असेल तर तो हा.

"बाबा, हात खाली करा," मी म्हटलं.

चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि वळले. बाहेर नाही गेले. आत गेले. माझी कडेची जागा सोडली आणि मेधा आणि तिच्या शेजारच्या मुलीपुढे जाऊन उभी राहिले.

"सरक गं जरा."

मेधा सरकली. मी दोघींच्या मध्ये बसले. पूर्ण बाकावर, पाठ टेकून.

"गेट आऊट," सर म्हणाले.

मी माझं वाक्य पुन्हा म्हटलं. जसंच्या तसं, 'प्रॉपर्ली' जागच्या जागी. मग म्हटलं, "सर, मी इथंच बसणार."

वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी फळा पुसायला घेतला. पुसलेलाच फळा पुसत राहिले.

नाव मेधाचं गेलं. परतताना बाबांच्या हातात पुडा तसाच होता. म्हणाले, "कशाला बोललीस गं? हात जोडल्यानं काय हात झिजत्यात? नोकरी गेली ना." घरी आईने पुडा फोडला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या गल्लीचं पाणी वेळेवर सोडलं. एक दिवस तरी सोडू नका, मी म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले, "पाण्यानं काय केलंय?"

पुढे दोन वर्षांनी मी बँकेत लागले. राखीव जागेवर. कुणी दबक्या आवाजात विचारलं तर मी मोठ्याने सांगते, हो, राखीव. पण ती दोन वर्षं आई त्याच गुडघ्यांवर चार घरची धुणी धूत राहिली, ती माझ्या त्या एका वाक्याची किंमत, आणि ती मी नाही, तिने चुकवली. हे मनातून जात नाही. जाऊ नये.

मात्र त्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा क्लासला गेले होते, हेही सांगितलं पाहिजे. कोर्स संपेपर्यंत गेले. सरांनी मला एकदाही प्रश्न विचारला नाही आणि मी एकदाही कडेला बसले नाही. पुढे बाबा वारले तेव्हा त्यांचे हात छातीवर ठेवताना कुणीतरी जोडायला लागलं. मी ते सोडवले आणि सरळ अंगाशी ठेवले. म्हटलं, असेच राहू द्या.