फटफटीची पायरी

"वाक."

मी वाकलो. धाकट्या मालकांनी बूट माझ्या पाठीवर ठेवला आणि फटफटीवर टांग टाकली. पारावरची माणसं बघत होती. कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते रोजचं होतं.

निजामाचं राज्य होतं. औंढ्याजवळच्या आमच्या गावात देशमुखाचा शब्द म्हणजे कायदा. थोरले देशमुख घोड्यावर चढताना माझा बाप पाठ द्यायचा. महारवाड्यातल्या आमच्या घराकडे ते कामच होतं. घोडा मेला, हैदराबादेहून फटफटी आली. बापाची कंबर गेली होती, म्हणून वाकणं माझ्याकडे आलं. धाकटे मालक अंगानं ठेंगणे. सीटवर बसले की पाय अधांतरी लोंबायचे. गाडी कलली की पडायचे, आणि ते पडले की चाबूक माझ्यावर.

मला वाटलं, सगळा दोष उंचीचा. गाडी खाली आली की माझी पाठ सुटेल. काय खुळा होतो मी! नांदेडला राहून थोडंफार लोखंडाचं काम शिकलो होतो. मालकांना विचारलं.

"कर. लोखंडाला इटाळ न्हाई," ते म्हणाले.

सीटखालच्या स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या. गादीतला काथ्या उपसला. हाताची सालटी निघाली. मालकांनी सीटवर गोमूत्र शिंपडून घेतलं आणि बसून पाहिलं. दोन्ही पाय जमिनीला टेकले. ते लेकरासारखे हसले. मीही हसलो, मेल्यानं.

दुसऱ्या दिवशी ते वसमतला निघाले. फटफटीजवळ येऊन उभे राहिले. चढेनात.

"वाक."

"मालक, आता पाय पुरतात की."

"पुरतात ते मला म्हाईत हाय. तू वाक."

तेव्हा कळलं. मी म्हणालो, "न्हाई वाकत."

चाबूक कानावर बसला. "आज सांजच्याला तुझं घर पेटवतो," मालक ओरडले. तेवढ्यात गर्दीतून माझा बाप आला. मोडक्या कंबरेनं खाली बसला, दोन्ही हात मातीत टेकले.

"सरकार, पोरगं येडं हाय. माझ्यावर पाय द्या."

मालकांनी बूट उचलला. मी बापाला बखोटीला धरून उभं केलं. बापानं माझ्याच थोबाडीत मारली. "काहून आमच्या जिवावर उठून राहिला? कुठं जायचं आता?"

कुठं जायचं ते मलाही माहीत नव्हतं. दिवस मावळायच्या आत आम्ही गाव सोडलं. सांज झाली तेव्हा मागं आमच्या घराचा धूर दिसत होता. कळमनुरीच्या वाटेवर बाप माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आजही बोलत नाही.

नको बोलूस, बा. शिव्या दे, शाप दे, माझ्याबरोबर उपाशी मर. पण तुला मी पुन्हा वाकू देणार नाही.