"येणार" दाबणाऱ्यांचं अॅप

तिघांनी मिळून काही काढलं की ते चालो न चालो, किस्से मात्र जमत जातात. आमच्याकडेही बरेच महिने अॅपवर कार्यक्रम कमी आणि बोलण्यात किस्सेच जास्त होते.

आसपासच्या गावांतली पोरं शिकायला वाशीमला येतात, रूम करून राहतात. कॉलेज ते रूम, रूम ते कॉलेज. शहरात कुठं व्याख्यान आहे, कुठं कबड्डी आहे, यांना पत्ताच नसतो. ते मोबाईलवर कळावं म्हणून हे अॅप. बनवायचं काम सोनलचं, दिसायला कसं असावं हे जवळच्याच जऊळका गावच्या गजाननचं, आणि मोटरसायकलवर फिरून कार्यक्रम गोळा करायचं माझं.

सोनलच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं, "अॅप पाहून आलेले अनोळखी पोरं मले एका जागी दाखव. दिवाळीपरेंत नाही दिसले, तं दुकानात बस." सोनलला दुकानाचा राग नव्हता. पण हे काम तिचं स्वतःचं होतं, आणि ते सुटेल या विचारानं तिला झोप लागत नव्हती.

*

पहिलाच कार्यक्रम भजनी मंडळाचा. मी अध्यक्षांना वेळ विचारली. ते म्हणाले, लोकं जमले की सुरू.

वेळ भरल्याशिवाय अॅप काही पुढं जाईना. शेवटी गजाननने पर्यायच टाकला : "लोक जमल्यावर". पुढं जो तो आयोजक तोच निवडू लागला!

*

मग एका निवृत्त सरांनी कथाकथन ठेवलं. अॅपवर "येणार" आणि "येणार नाही" अशी दोन बटणं होती. "येणार"वाल्यांचा आकडा पाहून आम्ही नाचायचेच बाकी होतो. सरांच्या घरून मोठं पातेलं भरून पोहे आले.

आलं कोणीच नाही. सरांनी आमच्या तिघांसमोर अख्खी कथा सांगितली, हातवारे करून, आणि मग पोहेही आम्हीच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी "येणार" दाबलेल्या एकाला फोन लावून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "तोंडावर नाही कसं म्हनाव भाऊ? वाईट दिसते नं."

*

आकाशदर्शनाच्या दिवशी पोरं खरंच आली. म्हणजे मैदानाच्या फाटकापर्यंत आली. गाडीवर बसल्या बसल्या आत डोकावली, आत कोणी ओळखीचं दिसेना, थोडा वेळ मोबाईल पाहिला आणि गेली.

सोनल फाटकात उभी राहून हे पाहत होती. घरी जाताना ती रडली. म्हणाली, "आपून या पोरायले फक्त पत्ता देऊन राह्यलो."

*

दिवाळी तोंडावर आली. आमची शेवटची आशा म्हणजे प्रश्नमंजूषा. त्याच दिवशी सकाळी जऊळक्याला गजाननचे आजोबा वारले.

सोनलने अॅपवर टाकलं : गजाननचे आजोबा वारले, दुपारी जऊळक्याला अंत्यविधी आहे, आजचा कार्यक्रम रद्द. तिच्या वडिलांनीच आम्हाला गाडीतून नेलं. वाटेत कोणी दिवाळीचं नाव काढलं नाही.

अंत्ययात्रा निघाली आणि पोरं येऊ लागली. कोणी रेल्वेनं, कोणी गाडीवर तिघं तिघं बसून. त्यांनी खांदा दिला, लाकडं वाहिली, पाण्याचे जार आणले. गजानन रडता रडता मला विचारत होता, हे कोण, ते कोण. मी तरी काय सांगणार?

सगळं आटोपल्यावर मी त्यांतल्या एकाला गाठलं. अनसिंग गावचा होता, वाशीमला रूम करून राहणारा. गजाननला त्यानं त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. अॅपवर वाचलं आणि आलो, म्हणाला. सोनल आणि तिचे वडील माझ्या बाजूलाच उभे होते.

मला राहवलं नाही. "मंग आमच्या एकाही कार्यक्रमाले काहून नाही आला रे?"

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तिथं मले कोनं बोलावलं होतं?"

सोनलचे वडील पुढं झाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुही रूम कुठं आहे, बेटा? पुढच्या कार्यक्रमाचं सांगाले मी येतो."