गोलपोस्टमागची माझी जागा

लग्न होऊन झाशीला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात नवऱ्याने मला हॉकीचा सामना बघायला रेल्वेच्या मैदानावर नेलं. बिचाऱ्याला वाटलं, बायको खूश होईल. मी धुळीमुळे नाकाला पदर लावला, बसायच्या चार पायऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला स्टेडियम म्हणतात होय? एकदा आमच्या पुण्याला या."

वीस वर्षांची होते. पुण्याचं स्टेडियम मी बसच्या खिडकीतून पाहिलेलं, आणि स्टेडियम कसलं, त्याची भिंत. आत पाऊल ठेवलं नव्हतं. पण झाशीत खरंखोटं करायला कोण येणार? त्या भिंतीआड मी हजारो खुर्च्या मांडल्या, दिव्यांचे खांब उभे केले, बायकांसाठी वेगळं फाटकही काढलं. सासरी कुणी खेळाचा विषय काढला की पोळीबरोबर पुण्याचं स्टेडियमही वाढायची. नवरा सगळं ऐकून घ्यायचा. शेवटपर्यंत त्याने कधी उलट विचारलं नाही, आणि मीही कधी कबूल केलं नाही.

त्याच बयेला, म्हणजे मला, सासूबाईंची झाशीची मराठी सुधारायची होती. घरी कामाला येणारी बाई जवळच्या टहरौली गावची, तिची बुंदेली ऐकून तर ती तोंडावर हसायची. आज भांडायची वेळ आली की मला आधी बुंदेलीच सुचते, हा भाग वेगळा.

त्या पुणेकरणीचं नाक खाली करायला देवाने तिला नात दिली. मुलाची एकुलती एक मुलगी. सोळा वर्षांची, आणि हॉकीत गोलकीपर. पायाला उशांएवढे पॅड, डोक्यावर हेल्मेट, आणि हातमोजे असे की त्यांचा वास घरभर फिरून पाहुण्यांच्या आधी दार उघडतो.

तिचा सराव आमच्या झाशीच्या स्टेडियमवर चालतो. आता तिथे हिरवी चटई आहे, पाण्याचे फवारे आहेत. मी इलाइट चौकातून ई-रिक्षाने जाते आणि गोलपोस्टच्या मागे, जाळीबाहेरच्या पायरीवर बसते. आजोबांच्या वयाचे लोक तिथे फेऱ्या मारतात, मी शेंगदाणे खाते आणि फसवणूक करते.

फसवणूक अशी. आमच्या घराबाहेर मराठी कुणाला कळत नाही. नात बोलते हिंदीत, पण मराठी तिला सगळी समजते. गोलाच्या आतून तिला समोरचा घोळका दिसतो, मागून मला मोकळी पोरगी कुठे उभी आहे ते दिसतं. मग मी स्तोत्र म्हणावं त्या चालीवर सांगत राहायची, "उजवीकडची एकटी आहेऽ, पुढे येऽ, आता खाली बैसऽ." हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. एकदा एका सामन्यात पंच माझ्याजवळ आला आणि माताजी हे काय चाललंय म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, भगवान का नाम ले रही हूँ, भैया. तो माझ्या पाया पडून गेला.

नातीला हे आवडायचं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. तिने चेंडू अडवला की मला वाटायचं, अर्धा मी अडवला.

गेल्या वर्षी ती राज्याच्या संघात आली आणि स्पर्धा निघाली पुण्यात. घरात मात्र आनंदाला अट लागली. मुलगा रेल्वेच्या कचेरीत आहे, मोजूनमापून बोलणारा. त्याने तिला समोर बसवून सांगितलं की पुढचं वर्ष बारावीचं, तेव्हा ही शेवटची स्पर्धा. पुण्यात खेळ पाहून देशाच्या शिबिराला निवड झाली तर खेळ, नाही तर सामान माळ्यावर. नातीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच माळा रिकामा केला. मला तो माळा बघवेना.

मी म्हटलं, मी पुण्याला येणार. माझं माहेर आहे, मला सगळं माहीत आहे.

काय डोंबल माहीत होतं. शहर जिथे संपायचं विसरलं आहे तिथे कुठेतरी ते क्रीडासंकुल. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं कुठलं फाटक, आणि मी दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. आत गेले आणि पायरीवर बसूनच घेतलं. निळं मैदान, त्यावर पाणी चमकतंय, चारी बाजूंनी दिव्यांचे खांब, रांगाच्या रांगा खुर्च्या. मी झाशीत बसून थापा मारत बांधलं होतं, त्याहून हे मोठं निघालं. माझी बढाई खरी व्हायला पन्नास वर्षं लागली, आणि ज्याला दाखवायची तो शेजारी नव्हता. थोडा वेळ मला समोरचं नीट दिसेना.

उपांत्य सामना महाराष्ट्राच्या मुलींशी होता. मी आपली सवयीने गोलपोस्टमागे सगळ्यात खालच्या रांगेत. शेजारी साधारण माझ्या मुलाच्या वयाची एक बाई डबा उघडून बसली होती, तिने मला न विचारता थालीपीठ दिलं. ते खाऊन मी हात जोडले आणि सुरू केलं. नात मान हलवत होती. मला वाटलं, हो म्हणतेय.

मध्यंतराच्या थोडं आधी त्यांची एक किडकिडीत पोरगी चेंडू घेऊन सुटली. मी सूर लावला, "डावीकडून मारणार गंऽ, डावीकडे सरकऽ." नात डावीकडे सरकली. ती पोरगी क्षणभर थांबली, चक्क माझ्याकडे बघून हसली, आणि तिने चेंडू उजवीकडे सरकवला. गोलातल्या फळीवर तो खट्ट वाजला.

शेजारच्या बाईने डब्याचं झाकण लावलं. "आजी, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. समोरच्या अकराच्या अकरा जणींना माझं स्तोत्र कळत होतं. पंचाला, पाणी मारणाऱ्याला, लिंबू सरबतवाल्यालाही कळत असणार. पन्नास वर्षं मराठी ही आमच्या घराची कडी समजून राहिले, आणि जिथे तिने दार लागत नाही नेमक्या त्या गावात येऊन ती लावली. तीही माझ्याच माहेरी.

मध्यंतरात बाजू बदलल्या. मी पिशवी उचलून पलीकडच्या गोलमागे निघाले, तर नात कुंपणापाशी आली. हेल्मेट काढलेलं, केस कपाळाला चिकटलेले.

"आजी, आप उधर ही बैठिए. प्लीज."

एवढंच. रागावली असती तर मी दोन शब्द बोलले असते. मी परत त्याच खुर्चीवर जाऊन बसले, आणि उरलेला सामना माझ्यासमोर दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीने गोल राखला. नात पार तिकडे, बोटाएवढी.

बोटाएवढी दिसत होती, पण काय खेळली. मागे कुणी नव्हतं सांगायला. ती स्वतःच ओरडून आपल्या मुलींना जागा दाखवत होती. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, कारण आमच्या मैदानावर माझाच चालू असायचा. दोन वेळा ती आडवी झेपावली. आमच्या मुलींनी एक गोल फेडला आणि सामना बरोबरीत सुटला. मग शूटआउट, म्हणजे एक पोरगी, एक गोलकीपर आणि आठ सेकंद. तो माझ्याच बाजूच्या गोलवर झाला.

मी पदराचं टोक तोंडात धरलं. पहिल्या दोघींना तिने अडवलं. मग दोघींनी गोल केले. आमच्या मुलींचेही दोनच झाले, शेवटचीचा हुकला. त्यांची शेवटची म्हणून आली तीच किडकिडीत. नातीने एकदा मागे वळून पाहिलं. मला वाटलं मला गप्प करतेय, पण ती तशीच बघत राहिली, आणि मला कळलं की पोर घाबरली आहे.

पुणेकरणीच्या तोंडून टहरौलीची बाई बोलली. "डटी रइयो, बिन्नू. घबड़ाइयो नईं." डावं नाही, उजवं नाही, नुसतं ठाम राहा पोरी, घाबरू नकोस. हेल्मेटच्या आत तिचे दात दिसले.

तिने आठातले सात सेकंद त्या पोरीला हलू दिलं नाही. आठव्याला चेंडू नातीच्या बुटाला लागून आत गेला.

शिबिराच्या यादीत तिचं नाव नव्हतं. परतीच्या गाडीत ती वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी खाली जागीच, सामानावर पाय ठेवून.

 घरी आल्यावर मुलाने तिला गरम पाणी काढून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पॅडची पिशवी खांद्यावर घेतली आणि शिडी लावली. नात दारात उभी राहून पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होती.

"आई, माळाभर हे काय ठेवलंयस?"

"लोणच्याच्या बरण्या."

त्याने एक हलवून पाहिली. "रिकाम्या आहेत."

"मग काय झालं? बरण्या त्या बरण्याच."

तो शिडीवरच बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मग मी सगळं सांगितलं. आमच्या मैदानावरचं स्तोत्र, पंचाला मारलेली थाप, पुण्यातला तो गोल. म्हटलं, तो गोल तिने नाही खाल्ला, मी खाल्ला. तो झाला नसता तर शूटआउटच आला नसता. शिक्षा करायची तर माझे शेंगदाणे बंद कर. आणि बोलता बोलता तेही सांगून टाकलं, की पुण्याचं स्टेडियम मी या वेळी पहिल्यांदा आतून पाहिलं.

"ते बाबांना माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"मला सांगायचे. तुझ्या आईच्या स्टेडियमात दर वर्षी खुर्च्या वाढतात, भिंत तेवढी तीच राहते. ऐकायला मजा येते म्हणायचे, विचारू नकोस."

मी पदराने शिडीची पायरी पुसली. 

मुलगा खाली उतरला. पिशवी कुठे ठेवावी असा इकडेतिकडे बघत उभा राहिला, मग उघडली, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. प्रवासात हातमोजे ओलेच बांधले गेले होते. बारावीचा अभ्यास पहाटे करावा लागेल, असं काहीसं तो नातीकडे न बघता पुटपुटला. तिने पटकन हो म्हटलं. आणि एका हाताने नाक दाबून, दुसऱ्याने ते हातमोजे लांब धरून, तो ते उन्हात टाकायला गच्चीवर गेला.

मी आता मैदानावर मधल्या रेषेपाशी बसते. शेंगदाणे चालू आहेत.