परदेशात ताटावर आडवा हात

समस्त वऱ्हाडी पाहुण्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, परदेशात जेवताना ‘नको’ म्हणायचं ते पोट भरल्यावरच म्हणावं.

मी अकोल्याचा, सासुरवाडी मोर्शीची. तिथला रिवाज असा, की वाढायला आलं की मी ताटावर आडवा हात धरायचा. मग सासूबाई म्हणणार, “खा ना जावईबापू, लाजून काहून राह्यले?” आणि मग मी उपकार केल्यासारख्या चार पुरणपोळ्या संपवायच्या.

गेल्या वर्षी एका सेवाभावी संस्थेबरोबर मी आफ्रिकेत, मलावीतल्या एका गरीब खेड्यात शाळेची खोली बांधायला गेलो. सकाळभर विटा वाहून पोटात कावळे ओरडत होते. दुपारी गावातल्या एक मावशी मक्याच्या पिठाचे वाफाळते गोळे आणि घेवड्याची उसळ वाढायला आल्या. सवयीनं माझा हात ताटावर आडवा झाला. मावशींनी समजूतदारपणे मान हलवली आणि पातेलं घेऊन त्या पुढे गेल्या.

शेजारी बसलेला पुण्याचा स्वयंसेवक गहिवरून म्हणाला, “गावासाठी आपलं जेवण सोडलंत? धन्य आहात!”

कसलं सोडलं! मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होतो. पण पातेलं पंगतीच्या टोकाला पोचलं, त्याचा तळ दिसू लागला, आणि मी ताट घेऊन उभाच राहिलो. मावशींना मराठीचं अक्षर कळत नाही हे विसरून खणखणीत आवाजात ओरडलो, “ओ मावशी, नाई म्हटलं त काय झालं? अजून एकदा त इचारा ना मले!”